आधी बोट, मग हॉटेल

युरोपच्या क्रूझच्या माहितीपत्रकात एखाद्या दिवसापुढे 'पॅरिस' असं छापलेलं असतं. बोट त्या दिवशी प्रत्यक्षात उभी असते ल हाव्हरला, पॅरिसपासून सुमारे २०० किलोमीटरवर. 'रोम' म्हणजे चिविताव्हेक्किया, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे बहुतेक वेळा लिव्होर्नो, 'लंडन' म्हणजे साउदॅम्प्टन, 'बँकॉक' म्हणजे लाएम चाबांग. 'बर्लिन'ची तर सगळ्यांवर कडी. त्या शहराला समुद्रच नाही. बोट लागते बाल्टिकच्या किनाऱ्यावर वार्नेम्युंडला आणि तिथून बर्लिनला जाऊन परत यायचं तर दिवसाचे पाच-सहा तास वाटेतच जातात. सकाळी सातला बोट धक्क्याला लागणार, संध्याकाळी सहाला सुटणार, त्यात सुटण्याआधी अर्धा तास वर चढलेलं असायला हवं. एवढ्यात व्हॅटिकन, कलोसियम आणि निवांत जेवण बसवायचं, हे गणित घरीच कागदावर मांडलं तर सुटत नाही हे लगेच कळतं.

मुरलेला क्रूझप्रवासी म्हणून शहराचं नाव बाजूला ठेवतो आणि बंदराचं नाव शोधतो. ते बहुधा बारीक अक्षरात, कंसात असतं. मग नकाशा उघडतो, स्टेशन धक्क्यापासून किती लांब आहे ते बघतो, आणि त्यानंतरच पैसे भरतो. व्हेनिसचं नाव वाचून हुरळून जाणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं. इटलीने १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या बोटींना सान मार्कोसमोरून आणि जुदेक्का कालव्यातून जायला बंदी केली. चर्चचे घुमट डेकवरून बघत शहरात शिरण्याची जी छायाचित्रं अजूनही मनात घर करून आहेत, तो प्रवास मोठ्या बोटींसाठी संपला. आता त्या मार्गेराच्या औद्योगिक बंदरात, नाहीतर रावेन्ना किंवा त्रिएस्तेला थांबतात.

या सगळ्या प्रवासाची किल्ली एकाच गोष्टीत आहे. माहितीपत्रक हॉटेल विकतं: तरणतलाव, नाटकाचं थिएटर, बारा प्रकारची जेवणं. प्रवास मात्र बोटीचा असतो. तिला भरती-ओहोटी असते, वारा असतो, तिच्या देशाचा झेंडा आणि सागरी कायदा असतो, तिचं स्वतःचं घड्याळ असतं. ज्यांनी तिला आधी बोट मानलं त्यांना हॉटेलाचं सुखही पुरेपूर मिळतं. ज्यांनी नुसतं हॉटेल मानलं त्यांची सुट्टी तक्रारींत जाते.

मराठी माणसाला हे नव्याने शिकवायची गरज पडू नये. भाऊच्या धक्क्यावरून निघून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला पोचणाऱ्या कोकण बोटींनी कित्येक पिढ्यांना समुद्राची शिस्त शिकवली होती. पावसाळ्यात बोट बंद असते हे तेव्हा घरातल्या पोरालाही ठाऊक असे. ती सेवा गेली आणि तिच्याबरोबर ते शहाणपणही विस्मरणात गेलं. आज मुंबईहून किंवा सिंगापूरहून क्रूझला निघणाऱ्यांमध्ये बहुसंख्य लोक पहिल्यांदाच रात्र समुद्रावर काढणारे असतात.

तर सुरुवात केबिनपासून. आतली बिनखिडकीची, खिडकीची आणि बाल्कनीची, अशा तीन मुख्य पायऱ्या आणि त्याप्रमाणे चढते दर. दलाल बाल्कनीचाच आग्रह धरतो. पण बाल्कनीचं मोल मार्गावर ठरतं. अलास्काच्या हिमनद्या किंवा नॉर्वेचे फ्योर्ड बोट दिवसाउजेडी पार करते, तिथे बाल्कनीत बसून चहा पिण्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत आणि खेद करू नये. भूमध्य समुद्रात बोट बहुधा रात्री चालते आणि दिवसा माणसं किनाऱ्यावर असतात. तिथे आतली केबिन घेऊन वाचलेले पैसे किनाऱ्यावर खर्च करणं केव्हाही बरं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे केबिन कुठे आहे. बोटीचा डेकनिहाय नकाशा प्रत्येक कंपनी उपलब्ध करून देते. आपल्या केबिनच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर काय आहे ते त्यात पाहावं. वर तरणतलावाचा डेक असला तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली नाचघर असलं तर मध्यरात्रीपर्यंत ढोलाचा ठोका. अगदी पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीचा खडखडाट ऐकू येतो. वर-खाली दोन्ही मजल्यांवर केबिनीच असलेली जागा सगळ्यात शांत. 'गॅरंटी' या नावाने स्वस्तात मिळणाऱ्या तिकिटात केबिनचा नंबर कंपनी ठरवते. झोप सावध असलेल्यांनी त्या मोहात पडू नये. एकट्याने जाणाऱ्यांना बहुतेक कंपन्या जवळपास दोघांचं भाडं लावतात, कारण दर माणशी असला तरी केबिन दोघांची धरलेली असते. मोजक्या बोटींवर एकट्यासाठीच्या छोट्या केबिनी असतात, त्या लवकर संपतात.

बोट लागण्याची भीती ज्यांना आहे त्यांनी तर जागा निवडूनच घ्यावी. बोट पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे अशी दोन्हीकडे हलते, आणि सगळ्यात कमी हालचाल असते ती मधोमध, खालच्या डेकवर. मोठ्या बोटींच्या पोटातून पाण्यात पसरणारे पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, डावी-उजवीकडचं डोलणं बरंच आवरतात, पण समोरून येणाऱ्या लाटांवर बोट पुढून वर उचलली जाते त्यावर त्यांचा इलाज चालत नाही. त्यामुळे पंधराव्या मजल्यावर पुढच्या टोकाला असलेली महागडी केबिन वादळी समुद्रात सगळ्यात त्रासाची ठरते. औषध मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायचं असतं. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेलं अ‍ॅव्होमिन हे त्याच वर्गातलं, पण त्याने झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. बाकी आलेपाकाची वडी, रिकामं न ठेवलेलं पोट, उघड्या डेकवर उभं राहून क्षितिजाकडे लावलेली नजर, हे उपाय कोकण बोटीच्या काळापासून बदललेले नाहीत. फोनमध्ये डोकं घालून बसणं सगळ्यात वाईट.

मोठी बोट की लहान, यावर क्रूझवाल्यांच्या गप्पा रात्रभर रंगतात. २०२४ च्या जानेवारीत मायामीहून पहिल्या फेरीवर निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'चं ग्रॉस टनेज २,४८,६६३ आहे. 'टायटॅनिक'चं ४६,३२८ होतं. म्हणजे पाच पटींहून अधिक. (हे टन वजनाचे नसतात, बोटीच्या आतल्या एकूण जागेचं ते माप आहे.) अशा बोटीवर मुलांची चंगळ होते आणि लाटाही कमी जाणवतात. पण तिच्यावर पाच-सात हजार प्रवासी असतात आणि ते सगळे एकाच सकाळी एकाच धक्क्यावर उतरतात. लहान मुलं बरोबर असतील तर मोठी बोट घ्यावी. ज्यांना बंदरं आणि गावं बघायची आहेत त्यांनी हजार-दोन हजार प्रवाशांची जुनी, मध्यम बोट शोधावी. तिची लिफ्ट जुनी असेल, पण ती लहान बंदरात शिरू शकते आणि उतरायला तासभर रांग लागत नाही.

धक्का नसलेल्या किंवा उथळ बंदरात बोट बाहेर नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. त्याला टेंडर म्हणतात. कोकणातल्या कित्येक बंदरांत आगबोट अशीच बाहेर उभी राही आणि पडावातून उतरावं लागे, त्याचंच हे आधुनिक रूप. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी माहितीपत्रकात टेंडरची खूण कुठे आहे ते आधी पाहावं, कारण हलत्या बोटीतून हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो आणि चाकाची खुर्ची तिथे अनेकदा नाकारली जाते. समुद्र खवळलेला असला तर ते बंदर सरळ रद्द होतं. सांतोरिनी हे त्याचं ठळक उदाहरण. तिथे टेंडरमधून उतरल्यावर समोर उभा कडा, आणि वर फिरा गावात जायला केबल कार, नाहीतर ५८८ पायऱ्या. चार-पाच मोठ्या बोटी एकाच दिवशी आल्या की केबल कारची रांग वर जातानाही असते आणि परतीच्या वेळी जीव टांगणीला लावते. ग्रीसने २०२५ मध्ये सांतोरिनी आणि मिकोनोससाठी ऐन हंगामात माणशी २० युरोचा कर बसवला. त्याने रांग कमी होईल असं मानायचं कारण नाही. त्यापेक्षा, कुठल्या बंदरात कुठल्या दिवशी किती बोटी आहेत याची वेळापत्रकं महिनोन्‌महिने आधी जाहीर होतात, ती बघून फेरीची तारीख निवडावी. अलास्कातल्या जुनो शहराची वस्ती तीस-बत्तीस हजारांची. तिथे दिवसाला सोळा हजार प्रवाशांपर्यंतच मर्यादा ठेवायचं शहराने आणि कंपन्यांनी मिळून ठरवलं, यावरूनच गर्दी कुठल्या थराला गेली होती ते समजावं. त्याच अलास्कात ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ बोटी सोडतात. दोन फेऱ्यांमध्ये निवड करायची असेल तर ज्या फेरीत ग्लेशियर बे आहे ती घ्यावी.

भारतीय पासपोर्टवाल्यांची खरी परीक्षा व्हिसात असते, आणि इथे दलालांकडूनही चुका होतात. भूमध्य समुद्रातली फेरी बार्सिलोनाहून निघून मध्ये ट्युनिसला, माँटेनेग्रोतल्या कोटोरला किंवा तुर्कस्तानातल्या कुशादासीला गेली, की ती शेंगेन क्षेत्राबाहेर गेली. पुन्हा इटली-ग्रीसच्या बंदरात शिरताना तो दुसरा प्रवेश. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर निघण्याच्या धक्क्यावरच बोटीत चढू देत नाहीत, आणि पैसेही परत मिळत नाहीत. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणाऱ्या फेरीलाही हाच नियम लागू. अलास्काला सिॲटलहून निघालं तर अमेरिकेच्या व्हिसाने भागेल असं वाटतं. पण अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा परदेशी झेंड्याच्या बोटीला केवळ अमेरिकी बंदरांमध्येच प्रवासी फिरवू देत नाही. मोठ्या क्रूझ बोटी बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांचे झेंडे लावतात, म्हणून त्यांना मध्ये एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. सिॲटलच्या फेऱ्या त्यासाठी संध्याकाळी काही तास कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. तेवढ्या थांब्यासाठी कॅनडाचाही व्हिसा काढावा लागतो. दक्षिण अमेरिका किंवा आफ्रिकेच्या फेऱ्यांसाठी पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागू शकतं. ते नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणाची वेळ येते.

निघण्याच्या शहरात आदल्या दिवशीच पोचावं, हा नियम अनुभवी प्रवासी कधीही मोडत नाहीत. मुंबईहून थेट बोटीच्या दिवशी पोचणारं विमान घेतलं, दोहा-दुबईला जोडविमान चुकलं, तर बोट थांबत नाही. पुढच्या बंदरात तिला स्वतःच्या खर्चाने गाठावं लागतं, आणि पुढचं बंदर दुसऱ्या देशात असलं तर पुन्हा व्हिसाचा प्रश्न. हॉटेलची एक रात्र त्यापुढे काहीच नाही.

मोठ्या बॅगा धक्क्यावर हमालाच्या हाती दिल्या की केबिनच्या दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होते. म्हणून रक्तदाबाच्या-मधुमेहाच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, पासपोर्ट, चश्मा आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत हवा. मोठ्या बॅगेत विजेची किटली किंवा इस्त्री टाकू नये. आगीच्या भीतीपोटी बोटीवर दोन्हींना मज्जाव असतो आणि तपासणीत ती वस्तू काढून घेऊन शेवटच्या दिवशी परत देतात. सर्ज प्रोटेक्टर असलेल्या विजेच्या पट्टीलाही बंदी असते. उलट, चुंबकाचे चार हूक जरूर न्यावेत. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात आणि ओले टॉवेल, टोप्या, पिशव्या अडकवायला जागा कधीच पुरत नाही.

पहिल्या संध्याकाळची आणीबाणीची कवायत लोकांना कटकट वाटते. ती कटकट वाटू नये म्हणून एक तारीख लक्षात ठेवावी. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीच्या जील्यो बेटाजवळ खडकावर आपटून कलंडली. चार हजारांहून अधिक माणसं तिच्यावर होती, बत्तीस जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी चिविताव्हेक्कियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत केव्हाही घेतली तरी चालत असे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, ही खूण मुलांनाही पाठ करून द्यावी. आता अनेक बोटींवर फोनवर चित्रफीत बघून आपल्या जमण्याच्या ठिकाणी नुसती हजेरी लावायची असते. तेवढ्यावर न थांबता केबिनपासून त्या ठिकाणापर्यंत एकदा जिन्याने चालत जावं, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या दुःखाची आठवण कोकणातल्या घरांनी अजून जपली आहे. समुद्राच्या सुरक्षेचा कंटाळा करणं आपल्या माणसांना तरी शोभत नाही.

बोटीचं घड्याळ हा दुसरा मोठा विषय. कप्तान जी वेळ जाहीर करतो ती बोटीची वेळ. किनाऱ्यावरच्या देशाची वेळ तासाभराने वेगळी असू शकते आणि फोन आपोआप किनाऱ्याची वेळ धरतो. म्हणून साधं हातातलं घड्याळ बोटीच्या वेळेला लावून ठेवावं. उशिरा येणाऱ्यासाठी बोट सहसा थांबत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या साओ टोमे बेटावर 'नॉर्वेजियन डॉन'चे आठ प्रवासी खासगी सहलीहून उशिरा परतले. बोट समोर नांगरलेली दिसत होती, तरी त्यांना वर घेतलं नाही. देशामागून देश ओलांडत ते गांबियाला पोचले, तर ओहोटीमुळे बोट तिथल्या बंदरात शिरलीच नाही. अखेर सेनेगलमधल्या डाकारला त्यांची आणि बोटीची गाठ पडली.

त्यावरून कंपनीच्याच सहली घ्याव्यात असा निष्कर्ष काढायचा का? सरसकट नाही. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर बोट तिच्यासाठी थांबते, नाहीतर प्रवाशांना पुढच्या बंदरात पोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. त्याचे जास्तीचे पैसे ती लावते. बंदर शहरापासून लांब असेल, टेंडरचं असेल किंवा देश अनोळखी असेल, तर हे पैसे द्यावेत. शहर जवळ असेल तर स्वतःच फिरावं. पिरीअस बंदरावरून अथेन्सच्या मोनास्तिराकीपर्यंत मेट्रो आहे. कोटोरला तर बोट जुन्या तटबंदीच्या अगदी समोर लागते, तिथे बसच्या सहलीचे पैसे भरणं व्यर्थ. स्वतः फिरताना परतीच्या वेळेआधी दोन तास हाताशी ठेवावेत.

खाण्याबद्दल मराठी कुटुंबांना सगळ्यात जास्त काळजी असते आणि ती बरीचशी अनाठायी आहे. शाकाहारी, जैन, कांदा-लसूण नको, असं जे असेल ते तिकीट काढतानाच नोंदवून घ्यावं, आणि पहिल्या रात्री भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगावं. मोठ्या बोटींच्या स्वयंपाकघरात भारतीय हात असतातच. आदल्या रात्री सांगून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी वरण-भात, फुलके, भाजी ताटात येते. बुफेवर अवलंबून राहणाऱ्यांना ही सोय कळतच नाही. घरून नेलेला चिवडा-चकली डब्यातून बोटीवर नेण्याबाबत कंपन्यांचे नियम वेगवेगळे असतात, बंद पाकिटाचं सहसा चालतं, शिजवलेलं अन्न चालत नाही. पण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका अशा देशांत बोटीवरचं एक सफरचंदसुद्धा पर्समधून किनाऱ्यावर नेलं तर दंड होऊ शकतो.

बुफेच्या दाराशी हात धुण्याचं बेसिन असेल तर साबणानेच धुवावेत. क्रूझवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा तितका परिणाम होत नाही. अमेरिकेची रोगनियंत्रण यंत्रणा १९७० च्या दशकापासून तिथल्या बंदरांत येणाऱ्या बोटींची स्वच्छता तपासते, शंभरपैकी गुण देते आणि ते जाहीर करते. ८५ किंवा त्याहून कमी पडले की बोट नापास. बोट ठरवण्याआधी हे गुण बघणं फुकट आहे.

तिकिटाचं भाडं ही खर्चाची फक्त सुरुवात. अमेरिकी कंपन्यांच्या बोटींवर सेवकांची बक्षिसी माणशी रोजची सोळा ते वीस डॉलर खात्यावर आपोआप चढते. चौघांच्या कुटुंबाला सात रात्रींत कमीत कमी दराने ४४८ डॉलर. हा आकडा घर सोडण्यापूर्वीच हिशोबात धरावा. समुद्रावर फोन विमानस्थितीत ठेवावा, कारण बोटीवरचं उपग्रहाचं मोबाइल जाळं आपोआप जोडलं गेलं तर रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं. बोटीवरच्या दवाखान्याचे दर परदेशी खासगी रुग्णालयाचे असतात, आणि गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं तर तो खर्च सामान्य प्रवासविम्यात बसेलच असं नाही. विम्याच्या कागदात वैद्यकीय स्थलांतर हे कलम शोधावं. कंपनी हवामान किंवा युद्धाच्या कारणाने बंदर बदलू शकते, तसं करारातच लिहिलेलं असतं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक बोटींनी सुएझचा मार्ग सोडला आणि लोकांच्या ठरलेल्या फेऱ्या उलट्यापालट्या झाल्या. ज्यांना एखादं ठिकाण बघायचंच आहे त्यांनी तिथे विमानाने जावं.

खात्यावरची बक्षिसी काढून टाकण्याचा अर्ज करणारे प्रवासी दर फेरीला असतात, आणि त्यात आपले लोकही असतात. ते वाईट आहे. केबिन आवरणारा, ताट वाढणारा माणूस सहसा सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर असतो. कामगारांसाठीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी करारानुसार त्याला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळायला हवी, म्हणजे चौदा तास काम नियमात बसतं. त्याच्या मिळकतीचा मोठा भाग या बक्षिसीतून येतो. गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरीतली कितीतरी घरं या कमाईवर उभी राहिली आहेत. मुंबईच्या धोबीतलावच्या जेर महालमध्ये गोव्यातल्या गावांची जी कुडं, म्हणजे गाववाल्यांची वसतिगृहं आहेत, तिथे बोटीची वाट बघत थांबलेल्या खलाशांच्या पिढ्या गेल्या. २०२० च्या फेब्रुवारीत योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' विलगीकरणात अडकली आणि ३,७११ पैकी सातशेहून अधिक जणांना करोनाची लागण झाली, तेव्हा तिच्यावर १३८ भारतीय होते. त्यातले १३२ कर्मचारी होते. प्रवासी केबिनमध्ये बंद असताना दारोदार जेवण पोचवण्याचं काम कर्मचारी करत होते. मुरलेला प्रवासी पहिल्याच दिवशी आपल्या केबिनवाल्याचं नाव विचारतो, गाव विचारतो. कोकणी किंवा मराठी कानावर पडलं की समोरच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी वेगळं तिकीट काढावं लागत नाही.

मुंबईच्या इंदिरा डॉकवर, बॅलार्ड पियरला, आता मोठं क्रूझ टर्मिनल उभं आहे. पण भारतातला हा धंदा अजून डळमळताच आहे. २०१८ मध्ये मुंबई-गोवा सुरू झालेली 'आंग्रिया', २०१९ ची 'कर्णिका', २०२३ च्या हिवाळ्यात आलेली 'कोस्टा सेरेना', या सगळ्या आल्या आणि गेल्या. 'कर्णिका' तर दीडेक वर्षात अलंगच्या भंगारात पोचली. टिकून राहिली ती कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस', मूळची १९९० ची. तिच्यावर मायामीच्या बोटीचा थाट शोधणाऱ्यांची निराशा होईल. पहिला अनुभव म्हणून दोन-तीन रात्रींची मुंबई-गोवा फेरी मात्र चांगली आहे: बोट लागते का, समुद्रावर झोप येते का, घरातल्या ज्येष्ठांना जिने झेपतात का, हे लाखो रुपये घालण्याआधी कळतं. शनिवार-रविवारच्या फेऱ्यांवर मेजवान्यांचा धुमाकूळ असतो. शांतता हवी त्यांनी आठवड्यामधली घ्यावी. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या फेऱ्या थांबतात आणि बोट चेन्नई-श्रीलंकेकडे वळते. लक्षद्वीपच्या फेरीत टेंडरचाच आसरा असतो, म्हणून ती डिसेंबर ते फेब्रुवारीच्या शांत समुद्रात करावी.

शेवटच्या सकाळची तयारी आदल्या रात्री सुरू होते. मोठ्या बॅगांना रंगीत चिठ्ठी बांधून त्या रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात, आणि त्या पुन्हा हाती येतात त्या धक्क्यावरच्या शेडमध्ये. सगळेच कपडे त्यात भरून झोपलेली माणसं सकाळी रात्रीच्याच कपड्यांत नाश्त्याला येतात. ज्यांना आपली बॅग स्वतः ओढता येते त्यांनी ती बाहेर ठेवूच नये. अशांना सगळ्यात आधी उतरू देतात. बोट त्याच दुपारी नवे प्रवासी घेऊन निघणार असते, त्यामुळे नऊ-दहाच्या आत केबिन रिकामी करावी लागते. तरी दुपारी एकच्या आधीचं विमान घेऊ नये. सकाळच्या धुक्यात बोट तासभर उशिरा लागू शकते, इमिग्रेशनची रांग असते, आणि चिविताव्हेक्कियाहून रोमच्या विमानतळाला पोचायला तासाहून अधिक वेळ लागतो.